यादीत आधी माझं नाव होतं

आजच्या समारंभाच्या अध्यक्ष रेव्हरंड अडेलिया प्रुइट, व्यासपीठावरची चर्चची डीकन मंडळी, नगरपालिकेतून वेळ काढून आलेले पाहुणे, ज्यांच्यासाठी आपण जमलो आहोत ते रूझवेल्ट टॉलिव्हर आणि त्यांची कन्या, पहिल्या रांगेतल्या सिस्टर हारग्रोव्ह, आणि स्वयंपाकघराच्या दाराशी उभं राहून, मी कधी संपवतो आणि मासे कधी वाढता येतील याची वाट पाहणाऱ्या भगिनींनो,

मला दहा मिनिटं दिली आहेत. माझी पत्नी ल्यूसिल म्हणाली, ‘पाचच घे. रूझवेल्टबद्दल तू सहाव्या मिनिटाला नेहमी वाकड्यात शिरतोस.’ तिचं म्हणणं असं, की मला दोन जुनी दुखणी आहेत. एक गुडघा आणि दुसरं रूझवेल्ट. गुडघ्याला निदान औषध आहे.

आपण बहुतेक सगळे ॲक्रनचेच. टायरच्या कारखान्यांच्या गावात, रबराच्या वासात वाढलो. या चर्चच्या तळघरात, बॉयलरच्या शेजारी, रूझवेल्ट आणि मी एकाच दिवशी बॉक्सिंगचे हातमोजे चढवले. मी त्याच्याशी तीनदा लढलो आणि तीनदा हरलो. तिसऱ्या वेळी मीच जिंकलो होतो, असं माझं आजही मत आहे. पण त्या दिवशीचे पंच वारले, आणि गेलेल्या माणसाशी वाद घालू नये.

पुढे तो देशात दुसऱ्या क्रमांकाचा मिडलवेट झाला. मी टायरच्या कारखान्यात लागलो. त्याचा फोटो न्हाव्याच्या दुकानात आरशाच्या वर लागला, म्हणजे केस कापून घेताना मला स्वतःचं तोंड खाली आणि त्याचं वर दिसायचं. तुम्हीच सांगा, माणसानं किती सोसावं?

मग सदुसष्ट साल आलं. सक्तीच्या भरतीची चिठ्ठी दोघांनाही एकाच आठवड्यात आली. त्यानं काय केलं ते सगळ्या देशाला ठाऊक आहे. व्हिएतनामला जायला तो नाही म्हणाला. न्यूयॉर्कची अजिंक्यपदाची लढत गेली, बॉक्सिंगचा परवाना गेला, चौदा महिने तुरुंगात काढले. मी गेलो, आणि वर्षभरानं हा गुडघा घेऊन परत आलो. क्लीव्हलंडच्या विमानतळावर मला न्यायला एकटी ल्यूसिल आली होती. तो तुरुंगातून सुटला तेव्हा दाराबाहेर बँड होता. आपल्या रेव्हरंडनी, तेव्हाच्या सिस्टर प्रुइटनी, त्याच्यासाठी पीच घालून गोड कॉब्लर भाजलं होतं. रेव्हरंड, मला कॉब्लर मिळालं नव्हतं. मी तक्रार करत नाही, नोंद करतो.

आता मूळ मुद्दा. या टेबलावर कापडाखाली एक पितळी पाटी आहे. इतकी वर्षं तळघरात ज्यांना बॉक्सिंग शिकवलं ती मुलं नव्या शिक्षकाच्या हाती देऊन रूझवेल्ट अटलांटाला मुलीकडे राहायला निघाला आहे, आणि ही पाटी त्याच तळघराच्या दारावर लागायची आहे. तिच्यावर त्याच्या नावाखाली ‘वीर’ हा शब्द असावा, असं समितीनं ठरवलं. एकानं हरकत घेतली. तो मी.

बैठकीत मी म्हणालो, ‘लढाईला न जाणारा वीर कसा? भरती मंडळाला आकडा पुरा करायचा होता. हा गेला नाही, तेव्हा दुसऱ्या कुणाचा तरी मुलगा गेला.’

तेव्हा सिस्टर हारग्रोव्ह बोलल्या. त्यांचा वेंडेल त्याच वर्षी लढाईला गेला आणि परत आला नाही. त्या म्हणाल्या, ‘क्लेम ओक्स, माझ्या मुलाला तुझ्या हेव्याच्या कामाला जुंपू नकोस. आणि तुला ज्याबद्दल बोलायचंय ना, ते भरतीच्या त्या खोलीत घडलं. खोलीत तू होतास, आम्ही नव्हतो. निरोपाच्या दिवशी सगळ्यांसमोर सांग. मग ठेव शब्द, नाहीतर काढ.’

म्हणून मी इथे उभा आहे. पाटीवरचा शब्द माझ्या हातात आहे, आणि खोलीत काय घडलं ते मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. ल्यूसिललाही नाही.

पहाटेच्या बसनं आम्ही क्लीव्हलंडला निघालो होतो. रूझवेल्टच्या आईनं सँडविच बांधून दिलं होतं. वाटेत तो म्हणाला, ‘क्लेम, मी पाऊल टाकणार नाहीये.’

इथल्या तरुणांसाठी सांगतो. खोलीत सगळ्यांना रांगेत उभं करत. अधिकारी एकेक नाव घेई, आणि नाव आलं की एक पाऊल पुढे टाकायचं. ते पाऊल टाकलं की तुम्ही सैनिक.

मी म्हणालो, ‘मग मीही नाही टाकणार.’

‘नीट विचार कर. तुरुंग आहे.’

‘एकटा उभा राहिलास तर वेडा दिसशील. दोघं असलो तर लोक निदान विचारतील, काय भानगड आहे म्हणून.’

तो हसला आणि अर्धं सँडविच माझ्या हातात ठेवलं. मी ते खाल्लं.

नावं आडनावाच्या अक्षरांप्रमाणे घेत होते. माझं ओक्स, त्याचं टॉलिव्हर. यादीत आधी माझं नाव होतं.

‘ओक्स, क्लेमंट.’

आणि मी पाऊल टाकलं.

भीती वाटली, असं मी बरीच वर्षं स्वतःला समजावलं. भीती होतीच. पण त्या क्षणी मनात आलं ते वेगळं होतं. बाहेर फोटोवाले उभे होते, ते त्याच्यासाठी. मला वाटलं, उद्या पेपरात त्याचा फोटो येईल, आणि खाली बारीक अक्षरांत, ‘व आणखी एक’. तुरुंगातसुद्धा मी त्याच्या मागेच उभा. ते मला सोसलं नाही.

मधे पाच नावं झाली. पाचही जण पुढे आले. मग त्याचं नाव तीनदा घेतलं. मी मागे वळून पाहिलं नाही. फक्त कान देऊन होतो. बूट वाजला नाही.

परत आल्यावर न्हाव्याच्या दुकानात मी काय सांगत आलो? ‘टॉलिव्हर घाबरला.’ एकदा तो दारातच उभा होता. सगळं ऐकलं आणि न्हाव्याला म्हणाला, ‘याचं आटपलं की मला बोलाव.’ एवढंच. मी शब्द दिला होता आणि मोडला, हे एका वाक्यात सांगून त्याला माझं तोंड कायमचं बंद करता आलं असतं. सदतीस वर्षांत त्यानं ते केलं नाही. त्याच्या ठोशांपेक्षा मला याचाच हेवा जास्त वाटत आला.

गेल्या मंगळवारी तो तळघरात हातमोजे खोक्यात भरत होता. मी विचारलं, ‘कधी कुणाला सांगितलं का नाहीस?’

तो म्हणाला, ‘कारण मलाच नक्की माहीत नाही. तू पाऊल टाकलंस तेव्हा मला तुझा असा राग आला, की पाय जमिनीला चिकटलेच. त्यात हिंमत किती आणि तुझ्यावरचा राग किती, अजून सांगता येत नाही. लोक वीर म्हणाले की मला तू आठवतोस.’

म्हणजे पाहा, या वीरपणात माझाही वाटा होता, आणि सदतीस वर्षं मला कुणी कळवलं नाही.

हसा. मीही हसलो. पण घरी जाऊन गुडघा शेकताना विचार केला. राग किती टिकतो? माझ्यासारख्याचा दुपारच्या जेवणापर्यंत. तुरुंग चौदा महिन्यांचा होता. दर महिन्याला त्याला विचारत होते, ‘आता सैन्यात येतोस का? येतोस तर लढत परत मिळेल.’ तेव्हा मी समोर नव्हतो, फोटोवालेही नव्हते. तिथे तो कशाच्या जोरावर उभा राहिला?

मी लढाई पाहिली आहे. तिथे गेलेले माझे सोबती वीर होते, आणि ते मी कुणालाही कमी करू देणार नाही. पण त्यांच्या मागेपुढे माणसं होती. याच्या शेजारची जागा रिकामी होती, आणि ती मी रिकामी केली होती. सिस्टर हारग्रोव्ह, माझी हरकत मी मागे घेतो. शब्द राहू द्या. हेवा मात्र राहील. तो मागे घेता येतो का, मला ठाऊक नाही.

समितीनं मला बोलू दिलं, रेव्हरंडनी घड्याळाकडे एकदाच पाहिलं, आणि स्वयंपाकघरातल्या भगिनींनी मासे निवू दिले, याबद्दल सर्वांचा ऋणी आहे. बोलण्याच्या भरात कुणाचं नाव राहिलं असेल, कुणाचा मान कमी झाला असेल, तर या म्हाताऱ्याची चूक पदरात घ्या. त्याआधीच्या चुकीची माफी मागायला एकच माणूस आहे, आणि तो समोर बसला आहे.

रिवाजाप्रमाणे आता रूझवेल्टनं पुढे येऊन पाटी स्वीकारायची. रूझवेल्ट, तू उठू नकोस. बसून राहा. पाटी घेऊन मीच येतो तुझ्याकडे.