बर्नीसची तीन दिवसांची शिक्षा

...आणि वर ही शेजारची डेल्मा मलाच विचारते, "रोएना, तुला कोंबड्यांतलं काय कळतं?" मला! अहो, बावीस वर्षं पाळतेय मी. तुम्हाला सांगते, कोंबड्या मला कळतात! आता हिवाळ्यात कोल्ह्यानं एक सोडून सगळ्या नेल्या, तो भाग वेगळा. उरली ती बर्नीस. तांबडी, सहा वर्षांची, महिन्याला एखादं अंडं, तेही उपकार केल्यासारखं. नाव माझ्या नवऱ्यानं, व्हर्लिननं, स्वतःच्या आत्याचं ठेवलंय. आत्यासुद्धा अशीच मान वाकडी करून बघायची आणि आपली खुर्ची दुसऱ्या कुणाला घेऊ द्यायची नाही!

तर ती एकटी पडली, दिवसभर कुंपणाशी उभी... मला बघवेना. एप्रिलमध्ये दाणे आणायला दुकानात गेले, तिथं पेटीत पिल्लं, दिव्याखाली चिवचिव. म्हटलं, दोन द्या. "सहाच्या खाली देत नाही, बाई." झालं! घरी आले तर व्हर्लिन विचारतो, "अगं, दाणे कुठेयत?" दाणे राहिलेच की!

डेल्मा कुंपणावरून म्हणाली, "म्हातारी कोंबडी पिल्लांना जगू देत नाही गं. तिचं सूप कर. पातेलं मी देते." पातेलं देते म्हणे! मी म्हटलं, डेल्मा, कोंबड्या मला कळतात. खुराड्याच्या मधोमध जाळी मारली. इकडे बर्नीस, तिकडे पिल्लं. एकमेकांना बघायचं, पण चोच पोचायची नाही. सात आठवडे! पिल्लांना चांगली पिसं फुटली, बर्नीस जाळीशी बसून डुलक्या काढायला लागली. मी म्हटलं, बघा! माया लागली!

सोमवारी जाळी काढली. तयारी काय कमी केली? दाण्याची भांडी दोन ठेवली, भांडण नको म्हणून. कोबीचा गड्डा दोरीला टांगला, चोचीला काम हवं म्हणून. तर बर्नीस कुठं बसावी? दोन्ही भांड्यांच्या बरोब्बर मध्ये! या भांड्याशी पिल्लू आलं, टोच! त्या भांड्याशी आलं, टोच! कोबीसुद्धा तिचाच. सगळ्यात छोट्या पिल्लाच्या डोक्यावरची पिसंच उपटली हो, टक्कल पडलं. व्हर्लिन एरवी मुंगीलाही वाट देणारा माणूस, पण तोही म्हणाला, "रोएना, शनिवारपर्यंत बघू. नाही जमलं तर म्हातारी डेल्माकडे जाईल."

डेल्माकडे म्हणजे पातेल्यात!

पण मी डगमगले? छे! दांडगाई करणारीला तीन दिवस बाहेर काढायचं. तेवढ्यात पिल्लं खुराडं आपलं मानतात, आणि ती परत येते ती पाहुणी होऊन, मान खाली घालून. तिला आणलं घरात. कपडे धुवायच्या खोलीत, कुत्र्याच्या जुन्या पिंजऱ्यात. शिक्षाच ती! आता बिचारी उदास होऊ नये म्हणून रेडिओ लावला. नुसते दाणे घशाखाली उतरेनात म्हणून ओटची लापशी दिली, कोमट. वर चार ब्लूबेऱ्या. व्हर्लिन म्हणतो, "माझ्या लापशीत ब्लूबेऱ्या नाहीत!" मी म्हटलं, तू काय शिक्षा भोगतोयस का?

गुरुवारी परत सोडली. टकल्या पिल्लानं पुढं येऊन तिलाच एक टोच मारली, आणि तुम्हाला सांगते, बर्नीस गप्प! मुकाट्यानं कोपऱ्यात बसली. शनिवारी डेल्मा आली, पातेलं काखेत मारूनच, तर बर्नीस अंगणात पंख पसरून बसलेली आणि टकलू तिच्या पंखाखाली! डेल्मा बघतच राहिली. "हीच का ती?" हीच! मी पातेल्यात मक्याची सहा कणसं घालून डेल्माला परत पाठवलं. कोंबड्या मला कळतात!

डेल्माचं फाटक वाजलं. बर्नीस उठली. पंख झटकले. टकलूच्या शेपटीचं एक पीस उपटलं... रागानं नाही हो, अगदी हलक्या चोचीनं, माझ्याकडे बघत. आणि चालायला लागली. मी मागं, "बर्नीस, अगं बर्नीस!" ती अंगण ओलांडून, पायऱ्या चढून, थेट मागच्या दारात. उभी. मान वाकडी. आतून व्हर्लिन ओरडतो, "कोण आहे गं?"

आता रोजचं झालंय. दुपारी एक पीस उपटायचं आणि शिक्षा भोगायला हजर. पिल्लांनाही काही वाटत नाही, टकलू तर आता स्वतःच शेपटी पुढं करतो. व्हर्लिन दार उघडतो, मी लापशी ढवळते, रेडिओ तिच्या आवडीचा.

कोंबड्या मला कळतात, नाही असं नाही... पण बर्नीसला मी जास्त कळलेय.