तारा हलतो की यंत्र

लेक : ओरडू नका ना बाबा. काढणार म्हणजे भंगारात नाही देणार.

बाबा : ओरडत नाहीये, विचारतोय. ताऱ्यांचा प्रकाश रंगारंगांत फोडून दाखवणारा माझा स्पेक्ट्रोग्राफ दुर्बिणीवरून उतरवायचं कुणी ठरवलं?

लेक : उद्याच्या बैठकीत ठरेल. आमचा नवा जोडायचा तर जागा तेवढी एकच आहे.

बाबा : आणि तू मला सांगायला आलीस.

लेक : विचारायला आले. अर्धे लोक म्हणतात, सरांनी उभं केलेलं यंत्र आहे, चालतंय तोवर हात लावू नका. तुम्ही बोललात तर ऐकतील.

बाबा : वा! माझ्याच हातानं माझ्या पायावर धोंडा. चहा घे आधी, निवतोय. तुमच्यात असं काय आहे, जे माझ्यात नाही?

लेक : एका जागी बसणं. तुमचं दुर्बिणीच्या पाठीला लटकलेलं. ती वळली की तेही वळतं, गारठा पडला की आक्रसतं. आमचं तळघरात, हवा काढलेल्या बंद टाकीत. ताऱ्याचा प्रकाश तेवढा काचेच्या तंतूतून खाली येतो.

बाबा : आणि तिथं ते ढिम्म हलत नाही?

लेक : हलतं. थोडंसं.

बाबा : का?

लेक : तेच तर सापडत नाहीये. सगळे डोकं फोडतोय.

बाबा : हे उद्या बैठकीत सांगणार आहेस?

लेक : सांगायलाच हवं.

बाबा : हं. दोष आधी स्वतःच सांगताय, मग तुमचं यंत्र बरं असेल.

लेक : म्हणजे?

बाबा : माझा तो पिवळा तारा आठवतो?

लेक : ज्याच्यापायी तुम्ही घर विसरायचात, तोच ना?

बाबा : त्याच्या प्रकाशातल्या काळ्या रेषा मागेपुढे सरकायच्या. अगदी केसभर. भोवती ग्रह फिरत असला, ताऱ्याला ओढत असला, तर अशाच सरकतील.

लेक : मग छापलं का नाहीत?

बाबा : तारा हलत होता की माझं यंत्र, तेच कळेना. तुझी आई चिडायची. म्हणायची, लग्नाला होकार द्यायलाही असाच वेळ काढलात.

लेक : मलाही ऐकवलंय तिनं. तेव्हाही तिचा राग गेला नव्हता!

बाबा : येतो मी उद्या. उतरवा म्हणून सांगतो. पण एक अट आहे.

लेक : कळलं. पहिला तारा तोच घेऊ.

बाबा : ते तुमचं तुम्ही बघा. उतरवताना मला तिथं उभं राहू द्या. नाहीतर तुमची मंडळी बोल्ट उलटे पिळतील.

(पुढच्या वर्षी, फोनवर.)

लेक : बाबा, बसलाय ना?

बाबा : उभ्यानं ऐकण्याइतकी तब्येत आहे. बोल.

लेक : टाकीतलं ते सरकणं सापडलं. आधाराची एक पट्टी ताण घेत होती. बदलली. आता यंत्र खरंच जागचं हलत नाही.

बाबा : छान. आणि तारा?

लेक : अख्खा हंगाम बघितला. पुन्हा पुन्हा तपासलं.

बाबा : अगं, औषध कडू आहे हे कळलं. पाज आता.

लेक : तोही हलत नाही. म्हणजे ग्रह नव्हता.

बाबा : यंत्रच हलत होतं तर.

लेक : हो.

बाबा : इतकी वर्षं वाटायचं, भित्रेपणानं गप्प बसलो.

लेक : नव्हतात भित्रे.

बाबा : तुझा आवाज का असा?

लेक : मला तो ग्रह सापडायला हवा होता. तुमच्यासाठी.

बाबा : वेडाबाई. आभाळ कुणाच्या मनासारखं वागतं का? बरं, आता कुठला तारा घेताय?