संपतच्या पाटावर पोपट

"मेलेल्याच्या पाटावर मी बसणार न्हाई, काकी! दुसरा कुणी बघा! गावातली तरणी पोरं सपली का?"

असं कोण म्हणलं? पोपट धुमाळ म्हणला! कुणाला? हौसाकाकीला! तिच्याच अंगणात, भर सकाळी, बाया पाणी भरत असताना! आन् हौसाकाकी कोण? लढाईत गेलेल्या संपत खिलारेची आई!

मंडळी, ऐका! जित्या माणसानं मेलेल्याचा हेवा करावा का? आत्ताच माना हलवू नका! ओ खांबापाशी बसलेले पाव्हणं, तुम्ही तर बिलकूल हलवू नका. आधी कीर्तन ऐका.

पोपट आन् संपत एका वयाचे. घराला घर लागून, मधी एकच भिंत. पहाटं दोघं माळावर पळायचे. पुढं कोण? पोपट! मागं कोण? संपत — धापा टाकत, "पोपट्या, थांब की लेका!" भरतीला दोघं एकाच जीपनं गेले. पळण्यात पोपट पहिला आला, संपत अकरावा. मग छाती मोजली. फुगवून पाच सेंटिमीटर वाढायला पायजे. संपतची वाढली. पोपटची? साडेचार! नखाएवढी कमी, मंडळी! साहेब म्हणला, "नेक्स्ट!"

संपत फौजंत गेला. पोपट म्हशीकडं गेला.

दीड वर्सानं लढाई लागली आन् संपत डोंगरावर पडला. बावीस वर्साचा. फुलांनी भरलेल्या गाडीतनं गावात आला. सगळं गाव रडलं. पोपटबी रडला — खोटं न्हाई सांगत, लई रडला. पण तेरावा झाला, मांडव उतरला, आन् पोटात किडा वळवळला!

येष्टीतनं उतरला — संपत चौक! व्यायामशाळेत गेला — संपतचा फोटू! क्रिकेटचा कप — संपत चषक! आरं, संपतला साधी फुलटॉस खेळता येत न्हवती! पोपटनं त्याला धा येळा बोल्ड केलेला! पण बोलायचं कुणाला? मेलेल्याशी भांडण कसं करायचं, मंडळी? तो म्हातारा हुईना, चुकंना, गावात कुणाशी वाकडं बोलंना. त्याचं लग्न मोडत न्हाई, त्याचं टक्कल पडत न्हाई! कुठनं गाठणार त्याला?

आन् अशात आला पितरपाट. आपली चाल तुम्हाला ठावं हाय — गेलेल्याच्या जोडीचा माणूस बोलवायचा, त्याच्याच नावानं पाटावर बसवायचा, पाय धुवायचे, जेवू घालायचं. काकी आली पोपटकडं. आन् पोपट काय बोलला ते तुम्ही ऐकलंच.

वर आणखी म्हणला, "सगळ्या गावाला संपत पायजे! माझ्या मागं पळणारा संपत! आता त्याचं उष्टं नाव घेऊन जेवायलाबी मीच बसू व्हय?"

बायांची घागर भरून वाहतीय, नळ बंद करायचं कुणाला सुचंना.

काकी रडली का? न्हाई! कंबरेवर हात ठेवला आन् म्हणली, "जळतोस व्हय रं त्याच्यावर? जळ. मीबी जळते."

"तुम्ही? कुणावर?"

"तुझ्या आईवर! रोज सकाळी भिंतीपल्याड वरडती — 'पोपट्या, रेड्या, दात घासलंस का?' मी च्या ढवळत ऐकते. च्या उतू जातो. कुणाला शिव्या घालू मी? फोटूला? चौकाला?"

पोपटनं म्होरं हून नळ बंद केला आन् घरी गेला.

दुपारी आला. आंघोळ करून, पांढरा सदरा घालून. खरं सांगू? येताना छाती थोडी फुगलीच व्हती गड्याची! आज संपतचा मान आपल्याला! हसू नका, तुम्ही असता तर फेटा बांधून आला असता!

पाटावर बसला. मागं भिंतीला वर्दीतला फोटू. म्होरं केळीचं पान — वडं, खीर, कढी, गवारीची भाजी. घरात दुसरं कुणी न्हाई, म्हणून काकीनंच पाय धुतले. पुसले. गंध लावला. आन् ती माऊली पोपटच्या पायावर डोकं टेकवून म्हणली, "संपत, जेव बाळा."

पोपटनं पाय मागं घेतला. घास उचलंना. ज्या मानासाठी येवढा जळला, तो मान समोर पानात वाढलाय, आन् हा पानाकडं बघंना!

तेवढ्यात पोपटची आई आली, खिरीला दूध घेऊन. दारात बघती तर काय — आपलं पोरगं मेलेल्याच्या पाटावर, कपाळाला गंध, डोक्यामागं हार घातलेला फोटू! तांब्या तिथंच सुटला. "ऊठ! ऊठ तिथनं! माझ्या लेकराला कशाला बसवलंस गं तिथं? ऊठ पोपट!"

दंडाला धरून वढाय लागली. आन् हौसाकाकी खालीच बसलेली, दूध पुसत, मान वर न करता म्हणली —

"बसू दे गं. तुझा जेवून उठंल."

...

टाळकरी, वाजवू नका. थांबा जरा.

पोपट जेवला. सगळं पान जेवला. रडत, नाक पुसत. दोन येळा खीर मागितली — आईसमोर, "काकी" न्हाई म्हणला, "आये, वाढ" म्हणला. आन् त्याची स्वतःची आई? पदर खोचून वाढाय लागली.

तवा मंडळी, आता हलवा माना! चौकात नाव पायजे तुम्हाला? हार पायजे? कुणाची नोकरी, कुणाची वर्दी, कुणाचा फोटू बघून पोटात किडा वळवळतोय? विचारा की घरी — त्या पाटावर तुम्हाला बसवायला तुमची आई तयार हाय का? तुम्ही पुढं गेलेल्यावर जळताय, आन् तो तिकडं—

किती वाजले? सव्वापाच?

माझा थोरला पोरगा भरती झालाय. माझ्या येळी मी नापास झालो, आता तो पास. साडेपाचच्या गाडीनं चाललाय, आन् सकाळी मी त्याच्याशी न बोलता घरातनं निघालो.

वीणा धरा कुणीतरी. आरती तुमची तुम्ही करा. मला निघायला पायजे, मंडळी. सरका — वाट द्या!