मागच्या बंपरमधील डावीकडून दुसरा सेन्सर

मी, खाली सही करणार, वय २३ वर्षे, शिक्षण नववी नापास, धंदा गॅरेजमध्ये प्लास्टिक बंपरची दुरुस्ती, राहणार गॅरेजमागील इमारतीत तळमजल्यावर, स्वतःहून पोलीस ठाण्यात येऊन समक्ष सांगतो की,

वरील पत्त्यावर मी एकटा राहतो. वरच्या मजल्यावरील टॅक्सीचालकांना मी काका व त्यांच्या पत्नीस काकू म्हणतो. आमचे नाते नाही. माझे जेवण त्यांच्याकडे असते.

मागील महिन्यात काकांच्या टॅक्सीचा तडकलेला मागचा बंपर माझ्याकडे दुरुस्तीस आला. त्यात चार गोल सेन्सर आहेत. गाडी मागे घेताना आडवे काही आले की ते चालकाजवळ आवाज करतात. प्लास्टिकची भेग आतल्या बाजूने तापलेल्या सोल्डरिंग आयर्नने वितळवून जोडतात. त्याआधी सेन्सर काढून ठेवायचे असतात. मी तीन काढले. डावीकडून दुसरा घट्ट बसला होता, म्हणून तसाच ठेवला. जोडताना तो वितळला.

गॅरेजचे मालक शेठ ओरडतील या भीतीने मी कोणास सांगितले नाही. शेजारच्या सेन्सरचा साचा घेऊन इपॉक्सीची तशीच चकती ओतली, पॉलिश पेपरने घासली, रंगवली व भोकात बसवली. तपासताना बाकीचे तीन वाजले. शेठ म्हणाले, "वाजतंय ना? देऊन टाक." चकती हुबेहूब झाली होती. मला त्याचा आनंद झाला होता, हेही लिहून घ्यावे.

गाडी नेताना काका म्हणाले, "नवरीसारखी सजवलीस की रे! तुझ्या काकूलाही पाठवू का तुझ्याकडे?" काकू म्हणाल्या, "आधी स्वतःच्या टकलाला पॉलिश मारून घ्या." मीही हसलो.

गेल्या सोमवारी सकाळी काका इमारतीसमोर टॅक्सी मागे घेत होते. काकूंची पिशवी फाटून कांदे सांडले होते. त्या टॅक्सीच्या मागे डाव्या बाजूस खाली बसून ते गोळा करीत होत्या. आवाज झाला नाही. काकूंचा उजवा पाय मांडीत मोडला. काकांवर निष्काळजीपणाचा गुन्हा असून त्यांचा परवाना जमा आहे.

इस्पितळात काका म्हणाले, "ते वाजलं असणारच. मलाच ऐकू आलं नाही. बहिरा झालो मी." काकूंनी त्यावर थट्टा केली नाही.

दुसऱ्या दिवशी मी त्यांना कानाच्या डॉक्टरांकडे नेले. डॉक्टरांनी कान चांगले असल्याचे सांगितले. बाहेर येऊन काका म्हणाले, "त्यांचं मशीन चुकत असेल. तुझं काम कधी चुकतं का?" मी रिक्षा बोलावली.

आज सकाळी ते कोरा कागद घेऊन आले. "तुझं अक्षर सुवाच्य आहे. लिही, मला कमी ऐकू येतं, चूक माझीच आहे. ठाण्यात देऊन टाकू." मी दोन ओळी लिहिल्या. पुढे लिहिता आले नाही. काही न सांगता त्यांना घेऊन येथे आलो.

ठाण्याच्या आवारात जप्त करून ठेवलेल्या काकांच्या टॅक्सीजवळ मला नेण्यात आले. हवालदारांना चारांतील खोटा सेन्सर ओळखता आला नाही. मी बोट ठेवून दाखवला.

काकांचे कान चांगले आहेत.

माझा हा जबाब मला मोठ्याने वाचून दाखवला, तो माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर आहे. वाचतेवेळी खोलीचे दार उघडे होते. बाहेर बाकावर बसलेल्या काकांना तो सगळा ऐकू गेला.