चार बोटं आणि पाळण्याचा वासा

...आणि वर लोकं मलाच हसतात! हसा, हसा! पण तुमाला सांगतो, चार बोटं हो, फक्त चार बोटं! माझी जुनी अँबेसिडर पडवीत शिरायची तर तिचा टप, म्हणजे छत हो, पडवीच्या पुढच्या वाशाला आपटायचा. चार बोटं उंच! आणि आमच्या कुंभिवलीचा पाऊस... एका पावसात गाडीची दारं सडली. आता शहाणा माणूस काय करील? वासा काढून वर चढवील. मी तेवढंच बोललो, तर आमचा बा काठी घेऊन उभा! "नागू, त्या वाशाला तुझा पाळणा टांगला व्हता. माझा टांगला व्हता, माझ्या बापाचा टांगला व्हता. तुझ्या बायकोचे, शकूचे दिवस भरत आलेत आणि तू वाशाला हात लावतोस? हात मोडीन!" घ्या!

म्हणलं ठीक हाय, वासा वर जात नाय तर गाडी खाली जाईल. मोहोपाड्याच्या कारखान्यात फिटर हाय मी, समजलात काय! जॅक लावला, अंगणातच गाडी दगडावर टेकवली, शिरलो खाली. मागच्या चाकांवर लोखंडी पाटे असतात ना, एकावर एक रचलेले, ज्यांच्यावर गाडी झुलते, त्यातले दोन-दोन काढून टाकले. शेजारचा पोपट नट खोलायचे पाने देता देता विचारतो, "दादा, हे पाटे लागत नसतील तर घातले कशाला रं कुणी?" म्हणलं, गप! आणि बसली हो गाडी खाली! सुळकन पडवीत! मी पेढे वाटले.

...आता माझं नशीब ऐका. पोशीरच्या मामाकडून आणलेली बियाण्याच्या भाताची पोती डिकीतच व्हती, आणि मी फिटर, मी विसरलो! दुसऱ्या दिवशी सकाळी बानं पोती उतरवून कणगीत ओतली. ओझं गेलं तशी गाडी हळूच वर उठली... कर्र्र... आणि टप वाशाला घट्ट! पुढं नाय, मागं नाय. चार बोटं हो!

म्हणलं, बघू सावकाश. कसलं सावकाश! त्याच दुपारी शकूला कळा सुरू. धोंडूबाई सुईण आत गेली आणि बाहेर आली ती कपाळाला हात लावून. "पोर आडवं हाय रं! हे माझ्या हातचं नाय. खोपोलीला दवाखान्यात न्या, आत्ता!" गाडी चालू केली, मागं घेतली... नुसती गुरगुरली, वरनं दोन कौलं पडली. पोपट म्हणतो, "चाकांची हवा सोड!" अरे, मग खोपोलीला काय तुझ्या खांद्यावर नेऊ? तो पळाला हायवेला ट्रक थांबवायला, एक थांबंल तर शपथ! आतनं शकूची हाक, "अवो, मी मरते, काय तरी करा!" मी करवत उचलली. म्हणलं, आता बा आडवा येणार. तर बाच म्हणतो, "काप. पोर नसलं तर पाळणा कुणाचा टांगायचा? काप रं!"

लावली करवत, आणि पाठीमागनं धोंडूबाई गरजली, "मुडद्यांनो, छप्पर पाडून बाळंतिणीला मारता काय? पोत्यांनी खाली बसत व्हती ना गाडी? मग तुमी बसा की पोत्यासारखे!" धावली की सगळी आळी! एकमेकांच्या मांडीवर, डिकीत, कुणी बॉनेटवर. कुणाचा पाय कुणाच्या कानात! गाडी दबली... दबली... आणि निघाली बाहेर!

सगळ्यांना ढकलून उतरवलं, शकू आणि धोंडूबाईला घेतलं. पाटे काढलेली गाडी, प्रत्येक खड्ड्याला खालनं खाड्! प्रत्येक खाड् ला शकू किंचाळायची आणि मी माझ्या फिटरकीला शिव्या द्यायचो. पोचलो. पोट कापून पोरगी काढली. दोघी धड! खरं सांगतो, दवाखान्याच्या भिंतीला टेकून रडलो मी.

मायलेकींना घरी आणायला गेलो तर बा, पोपट, धोंडूबाई, सगळी मिरवत संगती. गाडी गच्च! दारात आलो तसा बा म्हणाला, "बाळंतिणीला ऊन नको, थेट पडवीत घे." घेतली. भाकरतुकडा ओवाळला, सगळी आनंदानं उतरली...

कर्र्र!

चार बोटं हो, चार बोटं! आता वाशाखाली गाडी, पाळणा टांगायचा कुठं? पोरगी रडून लालेलाल. शकूनं तिला मागच्या सीटवर ठेवली, बानं डिकीवर हात दाबला, गाडी डुलली, आणि पोरगी गप्प! बा माझ्याकडं बघून म्हणतो, "म्हणलं नव्हतं? ह्या घरातलं पोर ह्याच वाशाखाली झुलणार."

आता ती दुसरीकडं झोपतच नाय. आळीला बोलवून गाडी काढू म्हणलं, तर शकू आतनं, "खबरदार! आत्ताच डोळा लागलाय!" मग काय... पावसाळा लागला, मी सायकलीनं मोहोपाड्याला जातो. गाडीवर थेंब म्हणून पडत नाय हो. मी तेवढा भिजतो.