आयोलाने झेललेला चेंडू

(मेकन, जॉर्जिया. १९७५ चा उन्हाळा, दुपार. लुशियस टार्व्हरच्या घराचा व्हरांडा. लुशियस एके काळी काळ्यांच्या बेसबॉल संघातला कॅचर, म्हणजे चेंडू झेलणारा; रेफील्ड त्याच संघातला पिचर, म्हणजे चेंडू फेकणारा.)

रेफील्ड : अरे, आपल्या संघावरचा असला तरी सिनेमा विनोदी आहे, बायबल नव्हे! एवढ्यासाठी कोणी काम टाकून घरी येतं?

लुशियस : मी आलो.

रेफील्ड : तीन आठवडे त्या नटमंडळींना बिनचेंडूचा खेळ शिकवलास. नुसत्या हातवाऱ्यांनी चेंडू असा फिरवतात लेकाचे, की काल त्यांच्या आचाऱ्याने घाबरून डोकं खाली घेतलं. आणि शेवटच्या दोन दिवसांसाठी तू फुगून बसलास.

लुशियस : ती पोरगी चेंडू परत फेकते, रेफील्ड.

रेफील्ड : फेकेना का. चेंडू मुळात नव्हताच.

लुशियस : तू पिचर. तुझ्या हातातून सुटला की तुझा संबंध संपला. झेलायचं मी.

रेफील्ड : झेलायचास? अर्धे तर बरगड्यांवर घ्यायचास.

लुशियस : तुझे सरळ यायचे कुठे! आयोला म्हणायची, रेफील्डच्या चेंडूला पत्ता लिहून द्यायला हवा.

रेफील्ड : म्हणायची खरी तुझी बायको. मला तोंडावर म्हणायची. वर ताटात मक्याच्या पावाचा दुसरा तुकडा वाढायची.

लुशियस : ती जाऊन आठ महिने झाले.

रेफील्ड : माहीत आहे रे. ...हे बघ, रागावू नकोस. मी एकीला तुझा पत्ता दिलाय.

लुशियस : कोणाला?

रेफील्ड : ती काय, फाटकातच उभी आहे. तुझी बायको होते ना सिनेमात, तीच. डेनीस. ये गं पोरी, कुत्रा नाहीये. हाच काय तो भुंकतो.

डेनीस : नमस्कार, मिस्टर टार्व्हर. मी आले म्हणून रागावलात का?

लुशियस : आलीस तर बस. चहा थंड आहे, साखर जास्त आहे. आयोलाच्या मापाने करतो अजून.

डेनीस : काल तुम्ही उठून गेलात, आणि मला काही सुचेना. दिग्दर्शक म्हणतात, बाईने चेंडू परत फेकला नाही तर लोकांना वाटेल सीन अर्धवट राहिला.

लुशियस : त्यांना म्हणावं, तो सीन छत्तीस वर्षं चालला.

डेनीस : म्हणजे?

रेफील्ड : सांग तिला. मलाही पुन्हा ऐकू दे.

लुशियस : तू होतास की तिथे.

रेफील्ड : होतो. पण तुझ्या तोंडून दर वेळी गर्दी वाढते, त्याची मजा.

लुशियस : चॅटनूगा गाव. अडतीस सालचा जून. समोर गोऱ्यांचा संघ. सावलीतल्या जागा त्यांच्या लोकांना, आपल्या लोकांना डावीकडचे उन्हातले बाक. सामना सुरू व्हायच्या आधी आम्ही बिनचेंडूचा खेळ दाखवायचो.

डेनीस : आधीच का? जिंकल्यावर का नाही?

रेफील्ड : पोरी, गोऱ्यांच्या गावात आधी हसवायचं, मग हरवायचं. उलट केलं तर आमच्या बसपर्यंत धड पोचायची खात्री नसायची.

लुशियस : त्या दिवशी हसवून झालं. शेवटचा चेंडू माझ्या हातात. म्हणजे नव्हता. आणि उन्हातल्या बाकांवर एक मुलगी दिसली. चर्चमधून थेट आलेली. हातांत पांढरे हातमोजे. सगळे हसतायत, ही हसत नाही. माझ्याकडे बघतेय, जशी आई दंगेखोर पोराकडे बघते. म्हटलं, थांब. दिला भिरकावून तिच्याकडे.

डेनीस : आणि त्यांनी झेलला.

लुशियस : उभी राहून, एका हातात. मग हात असा झटकला. लागला तिला! नसलेला चेंडू लागला! अख्खं मैदान हसलं, सावलीतलं, उन्हातलं, सगळं. आता ही परत फेकणार म्हणून मी हात पुढे करून उभा. तिने पर्स उघडली, चेंडू आत टाकला, पर्स मिटली, आणि खाली बसली.

रेफील्ड : आणि हा तसाच हात पसरून. पंच म्हणाला, टार्व्हर, भीक मागून झाली असेल तर सामना सुरू करू का?

लुशियस : सामन्यानंतर गर्दीत गाठलं तिला. शेजारी बाप उभा, हा एवढा. म्हटलं, बाई, माझा चेंडू. म्हणाली, पर्समध्ये सामान फार आहे, शोधावा लागेल. रविवारी जेवायला या.

डेनीस : मग? दिला?

लुशियस : नाही. लग्न केलं, पण चेंडू दिला नाही. मी चिडलो की पर्स जराशी उघडून आत बघायची आणि पुन्हा मिटायची. मग काय भांडणार!

रेफील्ड : हे मला माहीत नव्हतं.

लुशियस : आणखी एक माहीत नाही तुला. दवाखान्यात शेवटच्या आठवड्यात पर्स उशाशी मागून घेतली. म्हणाली, लुशियस, तुझा चेंडू देऊन टाकू का आता?

डेनीस : तुम्ही काय म्हणालात?

लुशियस : राहू दे म्हटलं. तुझ्याकडेच राहू दे. ...आणि काल तू तो हसत हसत परत फेकलास, बाळ. तुझा दोष नाही. पण मला बघवलं नाही.

रेफील्ड : लेका, हे आधी सांगितलं असतंस तर मी बायबलचं बोललो नसतो.

डेनीस : मिस्टर टार्व्हर, मी सकाळी दिग्दर्शकांशी भांडले. उद्या सकाळी एकदा, फक्त एकदा, माझ्या मनासारखं करू देणार आहेत. बाकांवरची माणसं हसली तर तो सीन राहील. नाहीतर कालचा.

लुशियस : मग कर की.

डेनीस : जमत नाहीये. तो नट फेकतो तेव्हा मला चेंडू दिसतच नाही. तुम्ही कॅमेऱ्यामागून फेकलात तर दिसेल.

रेफील्ड : बघतोस काय? ऊठ. इथूनच फेक. पोरी, त्या पीचच्या झाडाखाली जा.

लुशियस : माझा खांदा...

रेफील्ड : नसलेल्या चेंडूला वजन नसतं. फेक.

लुशियस : हं. घे. ...काय हे? हात मिटलासुद्धा! चेंडू अजून पायरीवर आहे.

डेनीस : घाई झाली. पुन्हा!

लुशियस : नजर चेंडूवर ठेव, माझ्या तोंडावर नको. हा घे.

डेनीस : आई गं!

रेफील्ड : हा हा! बघ, हात कसा झटकतेय! अरे लुशियस, लागला तिला!

लुशियस : मी... जरा जोरात फेकला का?

डेनीस : केवढ्या जोरात! तळहात झणझणतोय.

रेफील्ड : तू हसतोयस, लुशियस. आठ महिन्यांनी.

लुशियस : खोकला आहे तो. थांबा, आलोच आतून. ...ही घे. काळी, पितळी कळ असलेली. मिटताना कळ जोरात दाबावी लागते. तो आवाज शेवटच्या बाकापर्यंत जायला हवा.

डेनीस : ही त्यांची? उघडू?

लुशियस : मी उघडली नाही अजून. तू उघड.

डेनीस : रुमाल आहे. पेपरमिंटच्या गोळ्या. चर्चमधला हातपंखा, घडी घातलेला. आणि...

लुशियस : आणि काय?

डेनीस : आणि खरंच, सामान फार आहे. शोधावा लागेल.

रेफील्ड : आयोलाच बोलली की रे ही!

लुशियस : उद्या किती वाजता?

डेनीस : आठला.

लुशियस : बाकांवर ऊन साडेसातलाच येतं. मी तेव्हाच येईन. पांढरे हातमोजे घाल. आणि पर्स संध्याकाळी परत हवी.

डेनीस : जशीच्या तशी आणते. येते मी.

रेफील्ड : चालते तर कशी बघ, पर्स झोकात झुलवत.

लुशियस : ए बाळ! हळू. हिसका देऊ नकोस फार. आत चेंडू आहे.