फरारी मेव्हणा आणि हजार मोहरा

…न्हाय, पर तुमीच सांगा! चाळिशीतला मानूस, दोन लेकरांचा बाप, भवानी पेठंतल्या छापखान्यात पंधरा वर्सं शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवून बोटं काळी झालेला, आन तो भर दुपारी माळ्यावर ज्वारीच्या पोत्यामागं लपून बसतोय! हळू बोला जरा, वर आमचं मालकच हायती. दार वाजलं की पोतं हलतंय. मगाशी मांजर आलं तरी हललं. आन हे सगळं कशापायी? तर खेळापायी! निस्ता खेळ हाय म्हणं!

तुमास्नी सांगते, सुरवात केली शिवपुत्रनं. शेजारच्या खोलीतला, बोटीवर नोकरीला हाय, तो सुट्टीवर येताना परदेशातनं खेळाचं खोकं घिऊन आला. मी म्हनलं, सोंगट्या असतील. कशाचं काय! पट न्हाय, पत्तं न्हाय, निस्तं फासं, आन तेबी कसं, एकाला आठ बाजू तर एकाला वीस! खेळायचं कशानं? तर तोंडानं! शिवपुत्र म्हननार, ‘तात्या, फुडं अंधारी गुहा हाय, आत राक्षस हाय,’ आन ह्यांनी घाबरायचं. मी म्हनलं, त्याला खोकं कशाला आनायचं एवढ्या लांबनं? आमचं हे तसं बी फुकट घाबरत्यात की!

आन त्यात हरेकानं कोनतरी व्हायचं. पानवाला सिद्धप्पा जादूगार झाला. ह्यांना शिवपुत्र म्हनतोय, ‘तात्या, तुमी शिकारी व्हा. जनावरांचा न्हाय, मानसांचा. राजानं फरारी मानसावर बक्षीस लावायचं, तुमी त्याला हुडकून बांधून आनायचं.’ आमचं मालक आन बांधून आननार! घरात उंदीर निघाला तर हे पाटावर चढत्यात आन झाडू मी घेते. पर लई खूश झालं. मग शिवपुत्र म्हनला, ‘आदी त्या शिकाऱ्याची सगळी हकीकत लिवून आना. कुटला, कसा, कुनाच्या मागावर हाय. आन ज्याच्या मागावर हाय तो मानूस असा पायजे, तात्या, की त्याचं नाव काडलं तरी तुमी लपायला जागा हुडकली पायजे!’

झालं! तीन दिवस ह्यांना घास गोड लागंना. पेन्सिल घेतली की डोकं खाजवत बसायचं. सुचंल कसं? पंधरा वर्सं हा मानूस खिळ्यांनी लिवतोय! शेवटी छापखान्यात, जेवायच्या सुट्टीत, हुबं ऱ्हायलं आन सगळी हकीकत थेट खिळ्यातच जुळवली की! एक प्रूफ काडलं, खिशात घातलं, मजकूर दोऱ्यानं बांधून तितल्या जुळणीच्या दगडावर ठिवला आन आलं घरी. खिळं सोडून परत खान्यात टाकायचं ऱ्हाऊनच गेलं. आता छापखान्याची रीत अशी, की दगडावर बांधलेलं दिसलं की मशीनवर चढवायचं. मशीनवाला रुद्रप्पा वाचत न्हाय. ‘वाचायचं काम कंपॉझिटरचं,’ म्हनतोय. शेजारी शेजारी दोन मजकूर हुते, एक चादरींच्या सेलचा आन एक ह्यांचा. मंगळवारी सकाळी रुद्रप्पानं उचलला तो नेमका ह्यांचा. पाचशे पत्रकं! गुलाबी कागदावर! आन ती सेलवाल्यांनी आपलीच समजून टांग्यातनं, कर्णा लावून, बाजारात मुठी भरभरून उधळली!

एक माझ्याबी हातात पडलं. चौथीपत्तुर शिकलीय मी. वाचलं, आन भाजीची पिशवीच हातातनं सुटली. ‘फरारी! फरारी! फरारी! डाव्या भुवईवर कुऱ्हाडीच्या घावाचा व्रण. मिशा कानापर्यंत. खांद्यावर काळी घोंगडी. याने डोळे वटारले तर मेंढरे चरायची थांबतात. जिवंत धरून आणणाऱ्यास हजार सुवर्णमोहरा. शोधावर आहे…’ आन फुडं ठळक खिळ्यात ह्यांचं नाव! मी घेत न्हाय नाव, पर समद्या पेठेला ठावं हाय.

आन तो व्रण, ती मिशी, ती घोंगडी कुनाची? अवो, माझ्या भावाची! धुळादादाची! सांगोल्याकडं मेंढरं राखतोय तो. आमच्या लग्नात ह्यांना एकच वाक्य बोलला हुता, ‘दाजी, माज्या बहिनीच्या डोळ्यात पानी दिसलं, तर मी यीन.’ बास, येवढंच! तवापासनं बारा वर्सं हा मानूस माज्या भावाला भ्यालाय, आन मला पत्ता न्हाय. दादा आला की ह्यांना छापखान्यात जादा काम निघायचं. मी आपली म्हनायची, किती कष्टाळू नवरा! खरं सांगते, लई वाईट वाटलं मला. बारा वर्सं मानूस शेजारी भिऊन झोपतोय आन बायकूला सांगत न्हाय… पर त्ये सांगायचं सोडून पाचशे पत्रकं छापायची व्हय? निस्ता खेळ हाय म्हणं!

आन त्याच मंगळवारी दादा मेंढरं घिऊन बाजारात आलेला. सहा जनांनी धरला त्याला. हजार मोहरा कोन सोडतोय? मोहरा देनारा राजा कुटं हाय, हे इचारायला एकालाबी सुचलं न्हाय! दादानं तिघांना उचलून कडब्यात टाकलं आन अंगरखा फाटलेला तसाच हितं आला. दारात हुबा. हातात गुलाबी कागद. ‘दाजी,’ म्हनला, ‘मला वाचता येत न्हाय. वाचा.’

ह्यांनी कागद घेतला, आदी उलटा धरला, मग सुलटा. मी चुलीपशी देवाचं नाव घेत हुबी. आन ह्यांनी वाचलं, ‘स… सत्कार! सत्कार! सत्कार!’ मी डोळंच मिटलं. ‘भुवईवर व्रण असलेला मर्द गडी दिसल्यास… त्यास मानानं घिऊन यावं… हजार मोहरांचा नजराना…’ ह्यांच्या कानामागनं घामाचा ओघळ. मग दादा हसला! बारा वर्सांत पयल्यांदा हसला! ‘आन मी उगंच मानसं कडब्यात टाकली की! दाजी, लोक म्हनत्यात, ह्यात तुमचं नाव बी हाय न्हवं?’

आता इथं तरी गप बसावं का न्हाय? पर मेव्हण्यानं कवतिकानं इचारलं, छाती फुगली! म्हनत्यात, ‘हाय की! हे बगा, खाली, ठळक खिळ्यात!’

उधळून उरलेली पत्रकं ह्यांनी जाळायला म्हनून घरी आनली हुती. दादानं ती सगळी घोंगडीत बांधली. ‘गावात लावतो. देवळात, एस्टी स्टँडवर, शाळेच्या भिंतीवर.’ शाळेच्या! तितं गुरुजी असत्यात की!

आज सकाळी एस्टीच्या कंडक्टरनं निरोप दिला. ‘धुळा म्हनला, गुरुजींनी वाचून दाखवलं. दुपारच्या गाडीनं यतो. दाजीला घरीच थांबाया सांगा.’ बास, येवढंच. तवापासनं हे माळ्यावर.

मी तावातावानं शिवपुत्रकडं गेले. म्हनलं, ‘ये, बग तुझा खेळ!’ तर तो बॅग भरतोय, सुट्टी संपली त्याची. म्हनतोय, ‘काकू, खेळ कुटं? ही निस्ती तयारी हुती. खेळ आजून सुरूच झाला न्हाय!’

…थांबा. जिना वाजतोय. वर पोतं बी हललं. या, तुमी बसा हितंच, चार मानसं असलेली बरी. भाऊ माझा, नवरा बी माझा, मी कुनाला धरू आन कुनाला सोडू? मला रडाया येतंय, पर दादाला डोळ्यात पानी दिसायला नको, म्हनून रडायची बी सोय न्हाय. सकाळधरनं मी कांदा सुदीक चिरला न्हाय!